वळवानंतरची कामे: नगर परिषदेच्या बांधकाम विभागाच्या नोंदी

या नोंदी कोल्हापूर जिल्ह्यातील पंचगंगेकाठच्या एका लहान नगर परिषदेच्या बांधकाम विभागात ठेवलेल्या आहेत. मोजमाप पुस्तकात आकडे राहतात, परंतु एखादा निर्णय का घेतला हे त्यात राहत नाही. त्यासाठी हे वेगळे टिपण.

6 मे

दुपारी चारनंतर पूर्वेकडून आभाळ काळवंडून आले आणि पाचच्या सुमारास सोसाट्याच्या वाऱ्यासह गारांचा पाऊस सुरू झाला. वळीव आपल्या भागाला नवा नाही. वैशाखात तापलेली जमीन आणि समुद्राकडून आलेली दमट हवा यांची गाठ पडली की असे ढग बघता बघता उभे राहतात आणि तितक्याच वेगाने रिते होतात. या वेळी मात्र पावसाआधी वाऱ्यानेच हात धुऊन घेतला. बाजारपेठेचा रस्ता, ग्रामीण रुग्णालयाचा रस्ता आणि नदीवरच्या जॅकवेलकडे (नदीचे पाणी उपसण्याच्या विहिरीकडे) जाणारा रस्ता असे तिन्ही झाडे पडून बंद झाले. माळभागावर पत्रे उडाले, विजेचे खांब वाकले, आणि जुन्या ओढ्यावरच्या मोरीजवळ रस्त्याची कड वाहून गेली.

दूरध्वनी सर्वाधिक बाजारपेठेतून आले, तरी पहिली तुकडी रुग्णालयाच्या रस्त्यावर आणि दुसरी जॅकवेलकडे पाठवली, बाजारपेठ शेवटी. व्यापाऱ्यांचा रोष झाला. रात्री रुग्णवाहिका अडकणे आणि सकाळी दुकानापर्यंत चालत जावे लागणे यांची तुलना करण्यात फार वेळ घालवण्याचे कारण नव्हते. अंधार पडेपर्यंत तालमीतली पोरे कुऱ्हाडी आणि दोर घेऊन हजर झाली होती. त्यांना एकच अट घातली: ज्या झाडात तार अडकलेली दिसते त्याला, वीज कंपनीच्या तारमार्गी कर्मचाऱ्याने लाइन बंद करून जमिनीशी जोडल्याचे सांगेपर्यंत, कोणीही हात लावायचा नाही. गावातला वीजपुरवठा बंद असला तरी कोणाच्या तरी घरचा इन्व्हर्टर किंवा जनरेटर उलटी वीज तारेत सोडू शकतो, हे मुकादमांनी दोनदा ओरडून सांगितले.

7 मे

दिवसभर झाडे तोडणे आणि उचलणे. पडलेल्यांत गुलमोहर सर्वाधिक. त्याची मुळे उथळ पसरतात आणि फांद्या ठिसूळ असतात, त्यामुळे वाऱ्यात तो आधी जातो. परंतु रुग्णालयाच्या रस्त्यावरची जुनी पर्जन्यवृक्षाची झाडेही पडली आणि ती सहजासहजी पडणारी नव्हती. उलथलेल्या बुंध्यांकडे नीट पाहिले असता रस्त्याच्या बाजूची मुळे सरळ रेषेत कापलेली आढळली. जलवाहिनी आणि गटारीसाठी चर खोदताना यंत्राने ती तोडली होती, आणि उरलेल्या भागावर बुंध्याला टेकेपर्यंत पेव्हर ब्लॉक बसवले होते. कापलेली टोके काळी पडून कुजली होती. म्हणजे झाड काही वर्षे एकाच बाजूच्या मुळांवर उभे होते. पुढच्या प्रत्येक चराच्या अंदाजपत्रकात झाडापासूनचे अंतर आराखड्यावर दाखवावे आणि बुंध्याभोवती किमान एक मीटर जागा मातीचीच ठेवावी, अशी टीप आजच नस्तीत (फाइलमध्ये) घातली आहे.

लाकडाचा लिलाव करावा की ते स्मशानभूमीला द्यावे, असा प्रश्न आला. आपल्याकडे कोल्हापूरप्रमाणेच शेणीवर (गोवऱ्यांवर) दहन करण्याची रीत असल्याने लाकूड थोडेच लागते. पावसाळ्यात शेणी ओलसर होतात तेव्हा उपयोगी पडेल एवढे सुके लाकूड स्मशानभूमीच्या शेडमध्ये रचून ठेवले आणि उरलेल्या ओंडक्यांची मोजणी करून लिलावाची सूचना काढली.

8 मे

पाणी नाही. जॅकवेलकडे जाणाऱ्या वीजवाहिनीचे खांब शेतात आडवे झाले आहेत आणि उसाच्या सरीत गाडी जात नसल्याने नवे खांब माणसांनी खांद्यावरून न्यावे लागत आहेत. भाड्याने जनरेटर आणला, परंतु त्यावर दोन्ही पंप चालणार नाहीत, हे सभागृहात पुन्हा पुन्हा समजावून सांगावे लागले. मोटर सुरू होताना ती चालू असतानाच्या कित्येक पट विद्युतप्रवाह ओढते. मोटर टप्प्याने सुरू करणाऱ्या स्टार-डेल्टा स्टार्टरने तो झटका सुमारे एक तृतीयांशावर येतो, तरीही जनरेटरची क्षमता मोटरच्या अश्वशक्तीकडे पाहून नव्हे तर त्या झटक्याकडे पाहून ठरवावी लागते. त्यामुळे एकच पंप चालवला आणि उंच टाकी अर्धी भरली की वेशीकडच्या भागाला एक दिवस, माळभागाला दुसऱ्या दिवशी, असे पाणी सोडायचे ठरले.

टँकरच्या प्रत्येक खेपेला टी.सी.एल. (क्लोरिनची पूड) टाकून, अर्धा तास थांबून मगच पाणी वाटायचे आणि शेवटच्या घागरीला ओ.टी. चाचणी (पाण्यात क्लोरिन असेल तर नळीत पिवळा रंग येतो ती) घ्यायची, असा आदेश काढला. नळाच्या टोकाला शेष क्लोरिन लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम असावे, हे प्रमाण नेहमीचे. वादळानंतर गळक्या वाहिन्यांत गढूळ पाणी ओढले जाते म्हणून आम्ही 0.5 धरून चाललो आहोत. माळभागावर एका मावशींनी विचारले, "सायेब, पिवळं झालं म्हंजे पाणी चांगलं का वाईट?" चाचणीच्या नळीतला पिवळा रंग चांगला, पाण्याचा पिवळा रंग वाईट, एवढे उत्तर त्यांना पुरले.

10 मे

पडझडीचे पंचनामे तलाठी आणि नगर परिषदेचे कर्मचारी यांनी संयुक्तपणे सुरू केले. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या 2022 ते 2026 या कालावधीच्या निकषांत अंशतः पडझड झालेल्या पक्क्या घराला 6,500 रुपये आणि कच्च्या घराला 4,000 रुपये आहेत, आणि पडझड किमान 15 टक्के असली पाहिजे. सारा वाद या 15 टक्क्यांवर होतो.

माळभागावरच्या एका घराचे निम्मे पत्रे ओढ्यापलीकडच्या शेतात सापडले, भिंती मात्र शाबूत. घरातल्या आजींचा सवाल असा: "भाऊसाहेब, डोक्यावरचं गेलं आन् तुमी भिंती मोजत बसलाय व्हय?" भाऊसाहेबांची, म्हणजे तलाठ्यांची, अडचणही खोटी नव्हती, कारण वरच्या कार्यालयात पंचनाम्याचे छायाचित्र पाहणाऱ्याला उभ्या भिंतीच दिसतात. शेवटी असे ठरवले की छप्पर, भिंती आणि जमीन यांचे क्षेत्रफळ वेगवेगळे टेपने मोजायचे, उडालेल्या पत्र्यांची संख्या व माप लिहायचे, आणि छायाचित्र घरात उभे राहून वर आकाशाकडे रोखून घ्यायचे. मोजणी अशी लिहिली की छपराचा वाटा आपोआप हिशेबात येतो.

उडालेले पत्रे पाहता बहुतेक ठिकाणी पत्रे सांगाड्याला धरून ठेवणारे जे-हूक गंजून झिजले होते किंवा कडेच्या ओळीत ते एकाआड एक लावले होते. वारा छपराला खाली दाबण्यापेक्षा वर ओढतो आणि ही ओढ कडा, कोपरे व आढ्याजवळ सर्वाधिक असते. तेथे हूक दुप्पट हवेत, मध्यावर थोडे कमी चालतात. गवंडी आणि फॅब्रिकेटर मंडळींना पंचनाम्याच्या जागीच हे दाखवले. छपरावर दगड ठेवण्याची जुनी सवय मात्र सुटणार नाही असे दिसते. असा एक दगड शेजारच्या रिक्षाच्या टपावर सापडला.

13 मे

आज मोरी उघडून पाहिली. वादळाचे खरे काम येथे आहे, आणि मृगाच्या आधी ते झाले नाही तर पडलेली झाडे उचलल्याचा फारसा उपयोग नाही.

माळभागावरून येणारे पाणी ज्या ओढ्याने नदीकडे जाते, त्यावर जुन्या एका योजनेत 450 मि.मी. व्यासाचा एकच पाइप घालून रस्ता केला आहे. वळवाच्या दिवशी गारा, गुलमोहराचा पाला, प्लॅस्टिक आणि एक अख्खी छत्री या पाइपच्या तोंडाशी येऊन बसली, पाणी रस्त्यावरून गेले आणि खालच्या बाजूचा भराव खरवडून घेऊन गेले. कचरा काढला की प्रश्न मिटला, असे आरोग्य विभागाचे मत पडले. ते मला पटत नाही, म्हणून हिशेब मांडला.

या मोरीकडे सुमारे 10 हेक्टर क्षेत्राचे पाणी येते. पूर्वी तो माळ होता, आता तेथे सिमेंटचे रस्ते आणि पत्र्याची छपरे आहेत, म्हणून अपवाह गुणांक, म्हणजे पडलेल्या पावसापैकी वाहून जाणारा वाटा, 0.7 धरला. तासाला 60 मि.मी. या वेगाने पाऊस पडला तर पावसावरून प्रवाह काढण्याच्या रॅशनल सूत्राने 0.7 × 60 × 10 भागिले 360, म्हणजे सेकंदाला सुमारे 1.17 घनमीटर पाणी येते. 200 ला 1 असा उतार आणि काँक्रीटचा पाइप धरल्यास वहनक्षमता काढण्याच्या मॅनिंगच्या सूत्राने 450 मि.मी.चा पाइप पूर्ण भरून वाहिला तरी जेमतेम 0.20 घनमीटर नेतो. म्हणजे पाइप लख्ख स्वच्छ असता तरीही सहापैकी पाच वाटे पाणी रस्त्यावरूनच जाणार होते. तोच पाइप 900 मि.मी.चा केला तर त्याच उतारावर 1.28 घनमीटर जातात. व्यास दुप्पट केल्याने वहनक्षमता दुप्पट नव्हे तर सव्वासहा पटींहून अधिक वाढते, ही गोष्ट कागदावर मांडल्याशिवाय कोणी मानत नाही.

16 मे

पैशांचा पेच. आपत्तीच्या निधीतून तातडीची दुरुस्ती होते, सुधारणा होत नाही. जे होते तेच पुन्हा उभे करायचे असेल तर पैसे मिळतील, त्याहून मोठे करायचे असेल तर फरक आपण सोसायचा. या नियमामागचा हेतू समजतो, कारण तो नसता तर प्रत्येक वादळानंतर गावोगावी नवे पूल मागितले गेले असते. परंतु येथे 450 चा पाइप पुन्हा घालणे म्हणजे नुकसानीचे कारण सरकारी खर्चाने परत गाडणे आहे.

दोन वाटा होत्या. राज्याच्या जिल्हास्तरीय नगरोत्थान योजनेतून पूर्ण काम मागावे, ज्याला प्रशासकीय मान्यतेपर्यंत पावसाळा उलटून जाईल. किंवा दुरुस्तीचा हिस्सा आपत्तीच्या निधीतून आणि वाढीव व्यासाचा हिस्सा नगर परिषदेच्या फंडातून घ्यावा. दुसरी वाट धरली. मात्र दोन अंदाजपत्रके केली नाहीत, कारण निविदा टाळण्यासाठी कामाचे तुकडे पाडले असा आक्षेप लेखापरीक्षणात हमखास येतो आणि त्याचे उत्तर देणाऱ्याची बदली तोवर झालेली असते. अंदाजपत्रक एकच, दरसूची एकच, आणि शेवटच्या पानावर निधीच्या दोन शीर्षांची विभागणी.

21 मे

नगराध्यक्षांनी महाराष्ट्र नगर परिषदा, नगर पंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, 1965 च्या कलम 58(2) खालील आपत्कालीन अधिकार वापरून काम तातडीने सुरू करण्याचा आदेश दिला. या कलमाची ख्याती फारशी चांगली नाही. जे काम सभेत मंजूर होणार नाही ते या दाराने आणतात, असे म्हटले जाते आणि ते नेहमीच खोटे नसते. म्हणून मुख्याधिकाऱ्यांनी आदेशासोबत 13 मेचा हिशेब, छायाचित्रे आणि पंचनामा जोडण्यास सांगितले व सभेपुढे ठेवायचा अहवाल आजच तयार करून घेतला. हे योग्य झाले.

28 मे

खोदाई. वर डांबर, खाली मुरूम, आणि त्याखाली काळी माती. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे निघालेली माती भरावात परत टाकायची नाही अशी अट कामाच्या आदेशात आहे. तरीही दुपारी जेवणाच्या सुटीनंतर जेसीबी तीच माती कडेने परत लोटताना दिसला. थांबवले. ठेकेदाराचा युक्तिवाद असा की वरून डांबर आल्यावर काय दिसणार आहे; पाच वर्षांच्या दोषदायित्वाच्या (बिघाड ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करण्याच्या) कालावधीत काय दिसेल ते त्यास सांगितले.

खोदताना आराखड्यावर नसलेली एक जुनी बिडाची जलवाहिनी आडवी आली. ती बंद आहे असे सर्वांचे म्हणणे होते, पण तिला कान लावला असता पाण्याचा आवाज येत होता. पाणीपुरवठ्याच्या जुन्या वॉलमनना घरून बोलावून आणले. त्यांनी वेशीजवळचा एक गाडला गेलेला वॉल्व्ह उकरून बंद केला तेव्हा आवाज थांबला. ते निवृत्त आहेत, आणि अशा वाहिन्यांचा नकाशा कार्यालयात नसून त्यांच्या डोक्यात आहे. त्यांना सोबत घेऊन फिरून असा नकाशा काढण्याचे काम कनिष्ठ अभियंत्यांकडे दिले.

2 जून

900 मि.मी.चे एन.पी.3 वर्गाचे सळईयुक्त काँक्रीटचे पाइप बसवून झाले. सांधे रबर रिंगचे. रस्त्याची पातळी खाली असल्याने पाइपवर 600 मि.मी.चा भराव मिळत नाही, आणि तेवढा मिळत नसेल तर उसाच्या ट्रॉलीचा भार थेट पाइपवर येतो. म्हणून सर्व बाजूंनी काँक्रीटचे वेष्टन दिले. गळीत हंगामात या रस्त्याने कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॉल्या दोन-दोन जोडून जातात, हे अंदाजपत्रकात लिहिण्याची गरज नसली तरी विसरण्याजोगे नाही.

6 जून

पाइपच्या खालच्या तोंडाला एकाच दिशेने उघडणारी झडप लागणार. पाइप मोठा केल्याने माळाचे पाणी नदीकडे लवकर जाईल, परंतु नदी चढली की त्याच मोठ्या पाइपातून ती गावात येईल. कोल्हापुरात जयंती नाल्यातून पाणी मागे चढते आणि सुतारवाड्यातील कुटुंबांना सर्वांत आधी चित्रदुर्ग मठात हलवावे लागते, ते याच कारणाने. 2019 मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली आणि 2021 मध्ये 56 फुटांच्या. तेवढ्या पाण्यापुढे झडपेचा काही उपयोग नाही, कारण पाणी रस्त्यावरूनच येते. झडप आहे ती 39 फुटांची इशारा पातळी आणि 43 फुटांची धोका पातळी यांच्या आगेमागे रेंगाळणाऱ्या पाण्यासाठी. तसे पाणी बहुतेक वर्षी येते, आणि कृष्णा भरलेली असेल तर नृसिंहवाडीच्या संगमाकडे तुंबून दिवसेंदिवस उतरत नाही.

बाहेरून मागवण्याऐवजी झडप शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत बिडात ओतून घेतली. एवढ्या फाउंड्र्या दारात असताना पुण्याकडे दरपत्रक मागण्याचे कारण नव्हते. साच्याच्या वेळी तेथील मिस्त्रींनी एक सुधारणा सुचवली: झडपेची बैठक अगदी उभी न ठेवता वरच्या बाजूला किंचित मागे कललेली ठेवावी, म्हणजे बाहेरचे पाणी येण्याची वाट न पाहता झडप स्वतःच्या वजनाने मिटते. रेखाटनात तसा बदल केला.

17 जून

झडप बसली. वरच्या तोंडाला लोखंडी जाळी. जाळीशिवाय झडप निरुपयोगी आहे, कारण मनगटाएवढे एक लाकूड फटीत अडकले तरी ती उघडीच राहते. जाळी रोज सकाळी साफ करण्याची जबाबदारी मुकादमांकडे नावानिशी दिली. "आरोग्य विभागाने करावे" असे लिहिले की ते कोणीच करत नाही.

पाटबंधारे विभागाने बंधाऱ्यांचे बर्गे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) काढले आहेत. वादळात वाहून आलेले दोन ओंडके बंधाऱ्याच्या गाळ्यात अडकले होते, तेही त्याच वेळी निघाले.

19 जुलै

राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची सूचना काल आली. आज राजाराम बंधाऱ्यावर पाण्याने इशारा पातळी ओलांडली. आमच्या ओढ्याच्या तोंडाशी पाणी दुपारी आले आणि झडप मिटली. आतून टॉर्च लावून पाहिले. खालच्या कडेने बोटभर रुंदीची चिळकांडी येत आहे, बाकी कोरडे.

आता दुसरी बाजू. झडप मिटलेली असताना माळावर पाऊस झाला तर त्या पाण्याला वाट नाही. त्यासाठी डिझेलचा पंप मोरीच्या वरच्या बाजूला आधीच आणून ठेवला होता. संध्याकाळी सरी आल्या, पाणी जाळीपाशी गुडघाभर चढले, पंप सुरू केला. पंपाचा पाइप झडपेवरून पलीकडे नदीच्या बाजूला सोडला आहे. काही रहिवाशांना वाटले की आम्ही नदीचे पाणी गावात ओढतो आहोत; पाइपचे तोंड दाखवेपर्यंत गर्दी हटली नाही.

26 जुलै

पाणी धोका पातळीच्या खाली थांबून उतरू लागले. ओढ्याकाठच्या घरांत या खेपेस पाणी शिरले नाही. याचे सर्व श्रेय मोरीला देता येणार नाही. पाऊस टप्प्याटप्प्याने झाला आणि कृष्णेला फुगवटा नव्हता. झडप आपोआप उघडली, पण पुढ्यात साचलेल्या गाळामुळे पूर्ण उघडली नाही. गाळ हाताने काढला. दर पुरानंतर हे करावे लागेल, त्यामुळे देखभालीच्या वार्षिक ठेक्यात ही बाब स्वतंत्र धरली.

8 ऑगस्ट

अंतिम मोजमापे घेतली. काळी माती बदलून भरलेल्या मुरमाचे परिमाण ठेकेदाराच्या आणि आमच्या मोजणीत जुळत नव्हते. दोन ठिकाणी भराव उकरून दाखवल्यावर त्याने आमची मोजणी मान्य केली. आपत्तीच्या निधीतील हिस्सा जिल्हाधिकारी कार्यालयाकडून येणे बाकी आहे, नगर परिषदेचा हिस्सा देयकासोबत अदा केला. छपरांच्या मदतीची रक्कम बहुतेकांच्या खात्यावर जमा झाली. ज्यांचे आधार खात्याशी जोडलेले नाही अशांची यादी तलाठी कार्यालयाकडे पुन्हा पाठवली. पहिल्या यादीत नाव सुटलेल्या माळभागावरच्या आजींचे नाव या यादीत आहे.

याच ओढ्यावर वरच्या अंगाला आणखी दोन मोऱ्या 450 मि.मी.च्याच आहेत. खालची मोठी झाली तरी पाणी आता तेथे अडेल. त्यांचे अंदाजपत्रक नगरोत्थानच्या पुढील वर्षाच्या आराखड्यासाठी आज सादर केले, सोबत 13 मेच्या हिशेबाची प्रत जोडली.